कार्बन फायबर : चार दिवस झाले, रेझिन अजून चिकटच. मदत हवी आहे

सिडको_स्विफ्ट
नमस्कार मंडळी. स्विफ्टच्या आरशाच्या कव्हरवर कार्बन फायबर चढवलंय, म्हणजे काळं कापड आणि त्यावर रेझिन, हार्डनर मिसळलं की कडक होणारा चिकट द्रव. घरीच, पहिल्यांदाच. चार दिवस झाले तरी चिकट आहे, बोट लावलं की ठसा उमटतो. रविवारी सगळे त्र्यंबकला निघतोय, तोवर काहीही करून सुकवायचंय. हीट गन मारू का? व्हिडिओत तर माणूस दुसऱ्या दिवशी पॉलिश करून मोकळा होतो. पटकन सांगा.

पंचवटीकर
रेझिन कोणतं? पॉलिस्टर की इपॉक्सी?

सिडको_स्विफ्ट
दुकानदाराने दिलं ते. एक मोठा डबा, एक छोटा. रेशो बरोबर घेतला होता. हीट गनचं सांगा ना.

अंबडचा_फायबरवाला
हार्डनर कमी पडलंय, दुसरं काही नाही. वरून ब्रशने हार्डनर मार आणि पुढच्या वेळी चार थेंब कोबाल्ट टाक, लवकर सुकतं. वीस वर्षं टाक्या आणि गणपतीचे साचे करतोय. अर्ध्या तासात ठणठणीत.

पंचवटीकर
दादा, ते पॉलिस्टरचं गणित झालं. तिथे हार्डनर टक्का-दोन टक्के लागतं, कमी-जास्त करून वेळ सांभाळता येते. इपॉक्सीत हार्डनर हा निम्मा संसार असतो, ठरलेल्या मापापेक्षा जास्त झालं तरी ते मऊच राहतं. कोबाल्टचा तर तिथे उपयोगच नाही. आणि नवीन पोराला कोबाल्टचं सांगताना हेही सांगा की पॉलिस्टरचं हार्डनर आणि कोबाल्ट थेट एकमेकांत ओतलं तर भडका उडतो.

अंबडचा_फायबरवाला
ते कोणाला माहीत नाही? आधी रेझिनमध्ये कोबाल्ट, मग हार्डनर. शाळकरी पोरालाही कळतं.

पंचवटीकर
त्याला डब्यात काय आहे तेच माहीत नाही. सिडको, छोट्या डब्यावर काय लिहिलंय ते वाच.

सिडको_स्विफ्ट
100 ला 30 लिहिलंय. वास अमोनियासारखा, माशाच्या बाजारातला.

पंचवटीकर
म्हणजे इपॉक्सी. आता नखाने दाबून बघ. नख आत रुततंय की नुसता वरवर मेणासारखा थर आहे? पावसाळी हवेत इपॉक्सीवर तसा तेलकट पापुद्रा येतो, तो कोमट पाणी आणि भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरने निघून जातो.

गंगापूररोड_गॅरेज
व्हॅक्यूम बॅगिंग, म्हणजे प्लास्टिकखाली झाकून पंपाने हवा ओढणं, केलंय का? नसेल तर हे सगळं वायफळ आहे. एसीवाल्याकडचा जुना पंप घ्या, पील प्लाय (नंतर सोलून काढायचं कापड), ब्रीदर (शोषून घेणारा जाड थर), प्लास्टिक आणि सीलंट टेप. जास्तीचं रेझिन शोषलं जातं, हवेचे फुगे राहत नाहीत. ब्रशने फासलेलं कार्बन म्हणजे काळं कापड, बाकी काही नाही.

कॉलेजरोड_काका
आरशाच्या कव्हरला पंप? तुम्ही काय विमान बनवताय? मी टाकीचं झाकण हाताने केलं, तीन वर्षं झाली, काही झालं नाही. पोराला घाबरवू नका.

गंगापूररोड_गॅरेज
काका, त्या झाकणाचा फोटो टाका. जवळून काढलेला.

ओझर_निवृत्त
विमानावरून आठवलं. कारखान्यात प्रीप्रेग वापरतात, म्हणजे रेझिन आधीच भरलेलं कापड. ते उणे 18 अंशाला ठेवावं लागतं, मग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे बंद भट्टीत, दाब आणि उष्णता. मोटारींत ही मजा 1981 साली मॅक्लारेनने फॉर्म्युला वनच्या गाडीची चासीच कार्बनची केली तेव्हापासून. लोकांना वाटलं होतं, धडकली की भुगा होईल.

सिडको_स्विफ्ट
काका, छान माहिती, पण माझं कव्हर! नख रुततंय. थोडं. खूण राहते.

द्वारका_रॅप्स
कार्बनचं विनाइल लावा, एका तासात काम. एवढा उपद्व्याप कशाला?

पंचवटीकर
मग पापुद्रा नाही, मिश्रण फसलंय. कपात उरलेलं रेझिन कडक झालं का?

सिडको_स्विफ्ट
हो! दगड. कप फाडून काढावा लागला. म्हणूनच म्हणतोय रेशो बरोबर होता.

नाशिकरोडची_मीना
कप एकच होता का? पहिला थर आणि वरचा कोट, दोन्ही त्याच कपातले?

सिडको_स्विफ्ट
नाही. कप पहिल्या थराचा. दुसऱ्या दिवशी कोट मारला तेव्हा आईने वजनकाटा परत घेतला होता, तिला लाडवांची ऑर्डर होती. मग खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने मोजलं, दहाला तीन. आणि घट्ट वाटत होतं म्हणून जरासा थिनर टाकला. रंगकामाचा. फार नाही.

नाशिकरोडची_मीना
हं. हे चौथ्या दिवशी सांगतोस! 100 ला 30 हे वजनाचं आहे. हार्डनर रेझिनपेक्षा हलकं, झाकणाने मोजलं की वजनात कमी भरतं. त्यात थिनर. तो आत अडकतो आणि थर मऊच ठेवतो. पण चांगली बातमी अशी की खालचा थर बहुतेक ठीक आहे. हीट गन मारू नकोस, खाली प्लास्टिक आहे, वाकेल. बोथट पट्टीने वरचा थर खरवड, अ‍ॅसिटोनच्या फडक्याने पूस, मग 240 चा वॉटर पेपर पाण्यातच घास. कोरडं घासलंस तर ती काळी धूळ घशात जाते आणि खाजते, शिवाय ती विजेची वाहक, पंखा-चार्जर जवळ नको. मास्क लाव.

पंचवटीकर
मीनाताईंचं बरोबर. पुढचा कोट 20-30 ग्रॅमचाच कालव, सोनाराच्या काट्यावर. आणि शेवटी उन्हासाठी टू-के क्लिअर (दोन भाग मिसळायचा पारदर्शक कोट) मार, नाहीतर इपॉक्सी पिवळं पडतं.

वकील_नाही_पण
बॉनेट वगैरे करणार असाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा. गाडीतले बदल त्यात येतात.

कॉलेजरोड_काका
आरसा आहे हो आरसा.

सिडको_स्विफ्ट
खरवडलं. खालचा थर खरंच दगड! पण एका कोपऱ्यात पट्टी घसरली, दोन धागे उघडे पडलेत, जरा फिसकटलेत. त्यावरून क्लिअर मारून रविवारी निघालो तर चालेल ना?

नाशिकरोडची_मीना
नाही.