ब्रह्मा आणि सिल्की: पायाला पिसं असलेल्या कोंबड्या घेताना काय बघायचं?

मिरजेचं_खुराडं विचारतात:

नमस्कार मंडळी. गावठी कोंबड्या दारात आहेतच. आता हौसेसाठी ब्रह्माचा एक ट्रायो (एक नर, दोन माद्या) आणि पांढरी सिल्की ठेवायचा विचार आहे. शेड 10 बाय 12 फुटांचं, खाली कोबा, वर पत्रा, दोन बाजूंना जाळी. एक विक्रेता म्हणतो, ब्रह्मा ही ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातली आपली देशी जात, आपल्या हवेत आरामात राहते. खरं आहे का? शुद्ध पक्षी ओळखायचा कसा? घरच्या 60 अंड्यांच्या मशीनमध्ये पिल्लं काढता येतील का? पुढेमागे कृषी प्रदर्शनातल्या पक्षी विभागात ठेवायचा झाला तर तयारी काय करावी? आणि पावसाळ्यात त्या पिसांच्या पायांचं काय होतं?

तलंग यांचं उत्तर:

दादा, नावावर जाऊ नका. शांघायहून जहाजाने गेलेल्या मोठ्या कोंबड्यांपासून अमेरिकेत 1840-50च्या सुमारास ब्रह्मा घडली. चितगावकडच्या करड्या पक्ष्यांचं रक्त त्यात मिसळलं असं मानतात. आधी नाव ब्रह्मपुत्रा, मग तोडून ब्रह्मा. 1874च्या पहिल्या अमेरिकन मानकात (जातींची लक्षणं ठरवणारं पुस्तक) लाइट आणि डार्क हे दोन रंग होते, बफ खूप नंतर आला. कोचीन ही पायाला पिसं असलेली दुसरी जातही मूळची चीनचीच, केरळशी तिचं नातं नावापुरतं. दोन्ही थंड हवेचे पक्षी आहेत, त्यामुळे "आरामात" हा शब्द एप्रिल-मेपुरता खोडा. पत्र्यावर गवत किंवा ओलं गोणपाट आणि दुपारी गार पाणी एवढं तरी लागतंच.

विक्रेत्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. पक्षी उलटा धरा आणि पायाचं मधलं बोट बघा. चांगल्या ब्रह्माच्या नळीवर बाहेरच्या अंगाने दाट पिसं असतात, बाहेरचं बोट टोकापर्यंत झाकलेलं असतं आणि मधल्या बोटावरही पिसं असतात. गावठीशी संकर झाला की पहिल्या पिढीत नळीवर विरळ पिसं राहतात आणि मधलं बोट बहुतेक वेळा उघडं पडतं. याला फसायचं कारण तुरा. ब्रह्माचा तुरा मटारासारखा, तीन बुटक्या रांगांचा असतो आणि हा गुण प्रबळ आहे, म्हणून संकरित पक्ष्याच्या डोक्यावरही तो दिसतो. तुरा दाखवून विकणाऱ्याला पाय दाखवायला सांगा.

वजनावरून मात्र शंका घेऊ नका. मानकात लाइट ब्रह्माचा नर 5.4 किलो आणि मादी 4.3 किलो असली, तरी ते वजन भरायला दीड-दोन वर्षं लागतात. सहा महिन्यांचा नर लांब पायांचा आणि किरकोळ दिसला तर ते बरोबरच आहे.

सिल्कीची गंमत उलटी. तिचं रेशमी पीस हा दबणारा गुण आहे. त्यामुळे सिल्की आणि गावठीच्या पहिल्या पिढीत साधी पिसं येतात, पण काळं कातडं आणि पाचवं बोट बऱ्याचदा टिकतं. हीच पिल्लं "कडकनाथ" म्हणून खपवली जातात. कडकनाथला बोटं चार आणि पाय स्वच्छ, तेवढं मोजलं तरी पुरे. त्या संकराची पुन्हा सिल्कीशी जोडी लावली की निम्मी पिल्लं रेशमी निघतात आणि ती "शुद्ध सिल्की" होतात. तिथे लालभडक उभा तुरा दिसला तर सोडून द्या. खऱ्या सिल्कीचा तुरा अक्रोडासारखा, गडद जांभळट. कानाची पाळी निळसर. पाचवं बोट चौथ्यापासून सुटं, वर वळलेलं, जमिनीला न टेकणारं.

लहान सिल्कीचा "ट्रायो" कुणी देत असेल तर हसून नाही म्हणा. चार-पाच महिन्यांपर्यंत नर-मादी खात्रीने कळत नाही. मग नराच्या शेंडीतून मागे लांब, टोकदार पिसं निघतात, मादीची शेंडी गोल गोंड्यासारखी राहते. सहा पिल्लं घेऊन वाढवणं स्वस्त पडतं. नवे पक्षी गावठींपासून 30 दिवस लांब ठेवा, चारा-पाण्याची भांडीसुद्धा वेगळी.

अंडी_आणि_थर्मामीटर यांचं उत्तर:

पैदाशीबद्दल लिहितो.

मोठ्या ब्रह्माच्या एका नरामागे चार-पाच माद्यांपेक्षा जास्त नकोत. ब्रह्मा, कोचीन आणि सिल्की या तिघींची रिकामी अंडी येण्याचं मोठं कारण नराचा दोष नसून पिसांचा झुपका असतो. नर आणि मादी दोघांच्याही शेपटीखालची, मलद्वाराभोवतीची पिसं रुपयाच्या नाण्याहून थोड्या मोठ्या गोलात कात्रीने कापा. उपटू नका. आठ-दहा दिवसांनंतरची अंडी मशीनला लावा.

उन्हाळ्यात घरातलं तापमान 30 अंशांच्या वर असतं आणि गर्भ अर्धवट वाढायला लागून मरतो. अंडी दिवसातून तीनदा उचला, माठाशेजारी गारव्यात टोक खाली करून ठेवा आणि सात दिवसांच्या आत लावा. पार्सलने आलेली अंडी आधी 24 तास तशीच उभी ठेवावी लागतात. टॉर्चवर धरल्यावर हवेचा कप्पा हलताना दिसला तर मशीनमध्येही पहिले दोन-तीन दिवस फिरवू नका.

पंख्याच्या मशीनला तापमान 37.5 ते 37.7 अंश, दिवस 21. गडबड होते ती आर्द्रतेत. पुस्तकात पहिले 18 दिवस 45 ते 55 टक्के लिहिलेलं असतं, पण जुलैत बाहेरच 85 असतात. वर तुम्ही ट्रेमध्ये पाणी भरलंत की अंड्यातलं पाणी उडत नाही, हवेचा कप्पा लहान राहतो आणि पिल्लू कवच फोडता फोडता आतच बुडून मरतं. पावसाळ्यात 18 दिवस ट्रे कोरडा ठेवा आणि काट्यावर विश्वास ठेवा: 50 ग्रॅमचं अंडं 18व्या दिवशी 44 च्या आसपास उतरलं पाहिजे. 47 असेल तर मशीन दमट आहे. शेवटचे तीन दिवस 65 ते 70 टक्के, फिरवणं बंद, झाकण उघडणं बंद.

निवड पहिल्याच दिवशी सुरू होते. पिल्लू सुकलं की बाहेरच्या आणि मधल्या बोटावर लव आहे का बघा. मधलं बोट उघडं असलेल्यांच्या पायात प्लास्टिकची कडी घाला, ती प्रदर्शनाच्या रांगेतून बाद. पिसांचा गुण अर्धाच प्रबळ असतो, म्हणून दाट पाय हवे असतील तर दोन्ही बाजूंनी दाट हवा. पण दोन अतिदाट एकत्र केले की घोट्यावरून मागे निघणारी ताठ, लांब पिसं येतात, व्हल्चर हॉक म्हणतात ती. बूटेड बँटम आणि सुलतान या जातींत ती हवीत, ब्रह्मा-कोचीनमध्ये तो दोष.

आणि कुरळ्या पिसांची फ्रिझल कोचीन पुढे घेतलीत, तर फ्रिझलला फ्रिझल लावू नका. चौथा हिस्सा पिल्लांची पिसं इतकी ठिसूळ निघतात की अंग उघडं पडतं. एक बाजू साध्या पिसांची ठेवा, तरी निम्मी पिल्लं कुरळी मिळतात.

परसबाग_रत्नागिरी यांचं उत्तर:

मशीन कशाला? सिल्की वर्षातून कितीतरी वेळा खुडूक होते, तिच्याखाली आठ अंडी घाला, आर्द्रता ती बघते.

अंडी_आणि_थर्मामीटर यांचं उत्तर:

ताई, बसते चांगलीच, वाद नाही. पण तिच्या पोटाचे रेशमी धागे ओल्या पिल्लाच्या मानेला किंवा पायाला गुंडाळतात. 18व्या दिवशी पोटाखालची लांब पिसं कापून घ्यावी लागतात. आणि ब्रह्मा खुडूक झाली तर तिच्याखाली बँटमची (बुटक्या जातीच्या कोंबडीची) अंडी नकोत, चार किलोंच्या वजनाने चिरडतात.

मिरजेचं_खुराडं विचारतात:

मनापासून धन्यवाद. मधलं बोट आता विसरणार नाही. पायांची निगा आणि लसीकरण कुणी सांगेल का? कोब्यावर नुसतं गोणपाट चालेल?

कोरडं_तूस यांचं उत्तर:

गोणपाट नको, ओल धरतं. कोब्यावर भाताच्या तुसाचा चार इंच थर टाका, रोज दाताळ्याने हलवा, पाण्याच्या भांड्याभोवतीचं ओलं तूस त्याच दिवशी उचला. भांडं विटांवर जाळी ठेवून त्यावर मांडा किंवा सरळ निपल (चोचीने दाबल्यावर थेंब देणारी तोटी) लावा. पायाची पिसं ओली झाली की त्यावर तूस आणि विष्ठा चिकटते, वाळून सुपारीएवढे घट्ट गोळे होतात आणि बोट आवळलं जातं. पिल्लांमध्ये तर नखच गळतं. गोळा ओढून काढू नका. पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात धरा, बोटांनी चुरा, मग फडक्याने कोरडा करा. पावसाळ्यात या पक्ष्यांना चिखलात सोडायचंच नाही. जून ते सप्टेंबर शेडमध्ये, म्हणून तुमच्या 120 चौरस फुटांत आठ-दहा मोठ्या पक्ष्यांपुढे जाऊ नका.

गर्दी झाली किंवा प्रथिनं कमी पडली की पिल्लं एकमेकांच्या पायाची नवी पिसं टोचतात. वाढत्या पिसाच्या दांडीत रक्त असतं, एकदा चव लागली की थांबत नाहीत. पिल्लांच्या खाद्यात 20 टक्के प्रथिनं, पिसं झडण्याच्या दिवसांत मोठ्यांनाही 18च्या खाली नको. बसायची दांडी जमिनीपासून फूटभरच, तीन इंच रुंद आणि कडा गोल. उंचावरून उडी मारली की तळव्याला गाठ होते.

या जातींचा खरा शत्रू म्हणजे नळीच्या खवल्यांखाली शिरणारी खरजेची कीड. पिसांमुळे ती उशिरा दिसते. महिन्यातून एकदा पिसं बाजूला करून खवले बघा, वर उचललेले आणि पांढरट चुन्यासारखे दिसले तर तीच. गावाकडे रॉकेल लावतात. कातडी भाजते आणि पिसंही जातात. साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने हलकं घासा. व्हॅसलीन चालतं, पण पिसांवर घाण धरतं. प्रदर्शनाच्या पक्ष्याला पशुवैद्यकाकडून आयव्हरमेक्टिनची मात्रा ठरवून घ्या, दोन आठवड्यांनी पुन्हा. तेव्हाची अंडी खायची नाहीत. किती दिवस, ते त्यांनाच विचारा.

लसी: मानमोडीची लासोटा 5 ते 7व्या दिवशी डोळ्यात थेंब, गंबोरो रोगाची 14व्या, लासोटा पुन्हा 28व्या, देवीची सहाव्या आठवड्यात, आर-टू-बी (हीसुद्धा मानमोडीचीच) आठव्या आठवड्यात. मेरेक्सची पहिल्याच दिवशी द्यावी लागते आणि सिल्की या रोगाला फार लवकर बळी पडते, तेव्हा सिल्कीची पिल्लं घेताना ती दिली आहे का हे आधी विचारा.

तलंग यांचं उत्तर:

प्रदर्शनाचं राहिलंच.

दोन महिने आधी पाय तपासा. तुटलेलं पीस तसंच ठेवलं तर पुढच्या पीस झडण्यापर्यंत नवं येत नाही. दांडी पूर्ण सुकलेली असेल तर उपटा, सहा ते आठ आठवड्यांत नवं भरतं. दांडीत निळसर रक्त दिसत असेल तर हात लावू नका. व्हल्चर हॉक किंवा चुकीच्या रंगाची पिसं उपटून दोष लपवणं मात्र फसवणूक धरतात आणि पक्षी बाद होतो.

दोन आठवडे आधी पिंजऱ्याची सवय लावा, रोज हातात घ्या. पांढरा पक्षी उन्हात आणि पिवळ्या मक्यावर पिवळसर पडतो, त्याला सावली आणि मका कमी.

अंघोळ दोन दिवस आधी, आदल्या रात्री नको. पिसांचं तेल परत यायला वेळ लागतो. तीन टब लागतात. पहिल्यात अंगाला सोसेल इतकं कोमट पाणी आणि लहान मुलांचा शाम्पू, पिसांच्या दिशेनेच हात फिरवायचा. दुसऱ्यात साधं पाणी आणि दोन चमचे व्हिनेगर, साबण सुटतो. तिसऱ्यात नुसतं पाणी. पांढऱ्या सिल्कीसाठी या तिसऱ्या टबात कपड्यांच्या निळीचे दोन थेंब, तेही आधी पाण्यात नीट ढवळून. चार टाकलेत तर आकाशी कोंबडी घेऊन जाल. मग टॉवेल आणि मंद ड्रायर. सिल्कीची पिसं उलटी फुलवत सुकवा, ब्रह्माची बसलेली ठेवा. नखांखालचा मळ टूथपिकने, तुऱ्याला खोबरेल तेलाचं एकच बोट.

नेताना खोक्यात तूस नको, पायात अडकतं. वाळलेलं गवत घाला. आणि परत आल्यावर पक्षी थेट शेडमध्ये सोडू नका. 2006 साली नवापूरला बर्ड फ्लू निघाला तेव्हापासून हा नियम कुणी मोडू नये असं माझं मत आहे: 21 दिवस वेगळा पिंजरा, आणि त्याला चारा घालून झाल्यावर चपला बदलूनच बाकीच्यांकडे जायचं.