म्हातारपणी आधार कुणाचा : मुलांचा की मोआईचा?

गोदाकाठ
जपानच्या ओकिनावा बेटावरच्या दीर्घायुषी म्हाताऱ्यांचा विषय निघाला की गाडी रताळ्यांवर आणि कारल्यावर येते. मला तिथली मोआई मोलाची वाटते. ठरलेला मित्रगट, नियमित भेटीगाठी, दरमहा ठरावीक रक्कम. पाळीपाळीने उचलायची, अडल्यानडल्याला आधी द्यायची. आपली भिशीच, पण जन्मभराची. आपल्या नाशिकच्या गंगापूर रोडला कितीतरी घरांत आता दोघंच उरलेत. मुलांची वाट बघत झुरण्यापेक्षा साठीच्या आत असा गट जमवा. खरा आधार समवयस्कांचाच.

सिडकोकर
अजिबात पटलं नाही. कट्टा हा चालत्या पायांचा. आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा मैत्रिणी आठवडाभर डबे घेऊन आल्या. मग त्यांचेच गुडघे बोलायला लागले; तिसरा मजला, लिफ्ट नाही. रात्री दोन वाजता भांडं द्यायला मीच होतो. आणि ओकिनावाचंच घ्या. २००० च्या आकडेवारीत तिथल्या पुरुषांचं आयुर्मान जपानच्या ४७ प्रांतांत २६व्या क्रमांकावर घसरलं. मोआई तेव्हाही होतीच की! खाणं बिघडलं, चालणं सुटलं, तिथे मित्र काय करणार?

गोदाकाठ
वर्षं किती मिळाली हा मुद्दाच नाही, ती कशी गेली ते बघा. आमच्यातलं कुणी सकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर दिसलं नाही की लगेच फोन जातो. मागे एका काकांनी फोन उचलला नाही. शेजाऱ्यांकडची किल्ली घेऊन दार उघडलं, तर साखर उतरून स्वयंपाकघरात पडलेले. मुलगा परदेशात, गुणी आहे, रोज फोन करतो. पण दार आम्ही उघडलं.

पंचवटीची सून
दादा, 'मीच होतो' म्हणणारे तुम्ही विरळा. बहुतेक घरांत ते भांडं सून देते, तिचं नाव या चर्चेत कुणी घेतलं नाही. २००७ च्या कायद्याने आईवडिलांना निर्वाहखर्चासाठी प्रांताधिकाऱ्यांकडे दाद मागता येते, ती हवीच. पण त्यातून सोबत मिळत नाही. सासूबाई भजनी मंडळाला जातात ते दोन तास त्यांचे असतात, तसे माझेही. येतात त्या हसऱ्या चेहऱ्याने, आणि रात्रीच्या जेवणाला घरात बोलायला काहीतरी नवं असतं.

सिडकोकर
ताई, हे मान्य. तरी गोदाकाठ, सगळेच सत्तरीचे असतील तर दहा वर्षांनी कोण कुणाचं दार उघडणार? गटात चाळिशीतले चारजण घ्या, भिशीतून अंथरुणावरच्या माणसासाठी रात्रपाळीच्या मावशी ठेवा. मग माझी वर्गणी आजपासून धरा.