बुऱ्हाणपूर आपलं म्हणायचं तर मग क्रिमियाचं काय?

केळीचा_घड (रावेर)
मंडळी एक शंका आहे, हसू नका. परवा लग्नाच्या आदल्या दिवशी वरण-बट्टीच्या पंगतीत आमच्या मामांनी विषय काढला की मध्य प्रदेशातलं बुऱ्हाणपूर खरं तर आपलंच, खानदेशची राजधानी होती ती, १९५६ ला राज्यं पाडली तेव्हाच मागून घ्यायला पाहिजे होतं. तर आतेभाऊ, जो एमपीएससी करतोय आणि प्रत्येक पंगतीत करंट अफेअर्स काढतोच, तो म्हणे मग रशिया युक्रेनकडून घेतलेलं क्रिमिया आमचं म्हणते तर ते पण बरोबर का? मामा म्हणे ते वेगळं. का वेगळं ते कोणालाच सांगता येईना, तेवढ्यात दुसरी वाढ आली आणि विषय वांग्याच्या भाजीवर गेला. पण माझ्या डोक्यातून जात नाही. "तिथे आमची माणसं राहतात" किंवा "पूर्वी ते आमचं होतं" एवढ्यावर देशाला जमीन मागता येते का, याचा जगात काही नियम आहे का?

तापीकाठचा_मास्तर
मामांना सांगा इतिहास काढलाच आहे तर पूर्ण काढा. खानदेशच्या फारुकी सुलतानांची सत्ता १३८२ च्या सुमारास सुरू झाली ती थाळनेरला, म्हणजे आपल्या शिरपूरकडे. बुऱ्हाणपूर नंतर वसवलं आणि मग गादी तिकडे गेली. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला, खानदेशचं नाव बदलून पोराच्या, दानियालच्या, नावावरून दानदेश केलं. आता बघा, राजधानी तिकडे, राजा तिकडे, जळगाव-धुळे त्याच्या मुलखात. मग इतिहासाने बुऱ्हाणपूर आपलं होतं का आपण बुऱ्हाणपूरचे होतो? उद्या तिकडून कोणी सातबारा घेऊन आलं की जळगाव आमचं, तर मामा काय करतील 😀
फारुकींच्या मागे गेलात तर देवगिरीचे यादव, पाटणचे निकुंभ, त्याच्याही मागे आभीर. जो तो आपल्या आजोबाचं साल पकडून बसतो. क्रिमियाचंही तेच, रशिया १७८३ पासून मोजते कारण तेव्हा कॅथरीनने ते घेतलं. पण घेतलं कोणाकडून? तातारांच्या खानाकडून. त्या तातारांना १९४४ ला स्टालिनने मालगाड्यांत कोंबून मध्य आशियात नेऊन टाकलं, आज तिथे ते थोडे आणि रशियन जास्त, त्याचं हेही एक कारण. आधी माणसं हलवायची आणि मग म्हणायचं बघा इथे आमचीच माणसं आहेत.

कोर्टाची_पायरी
नियम विचारलाय तर आहे, सरळ आहे, फक्त मोठे देश पाळत नाहीत. यूएनच्या चार्टरमध्ये कलम २(४), बळ वापरून दुसऱ्याची हद्द मोडायची नाही. पण बळ न वापरता नुसता जुना संबंध दाखवला तर? त्यावर १९७५ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टाचं मत आहे, मोरोक्कोला लागून असलेल्या पश्चिम सहाराबद्दल. मोरोक्को म्हणे तिथल्या टोळ्या आमच्या सुलतानाला मानायच्या. कोर्ट म्हणालं हो, काही टोळ्या मानायच्या, पण त्यावरून जमीन तुमच्या मालकीची ठरत नाही, तिथल्या लोकांना काय पाहिजे ते बघावं लागेल. मोरोक्कोने पुढच्याच महिन्यात साडेतीन लाख माणसं तिकडे चालत पाठवली, ते जाऊ द्या.
आफ्रिकेवाल्यांनी तर १९६४ ला कैरोत ठरवूनच टाकलं की गोऱ्यांनी पट्टीने आखलेल्या रेघा कितीही वेड्यावाकड्या असल्या तरी त्याच ठेवू, कारण एक उसवली तर सगळी गोधडी उसवेल. हे दोघांना पटलं नाही, सोमालिया आणि मोरोक्को, दोघांचाही शेजाऱ्याच्या जमिनीवर डोळा. सोमालियाच्या झेंड्यावरच्या चांदणीला पाच टोकं आहेत ती सोमाली लोकांच्या पाच मुलखांची, त्यातले तीन दुसऱ्यांकडे. १९७७ ला त्यातल्या ओगादेनसाठी इथिओपियावर सैन्य घातलं, आठेक महिन्यांत मार खाऊन परत. आणि चेकोस्लोव्हाकियातलं १९३८ चं सुडेटनलँड तर सगळ्यांना माहिती, हिटलर म्हणे तिथे जर्मन बोलणारे आहेत, दिलं, सहा महिन्यांत प्राग पण घेतलं. प्रागमध्ये असे किती जर्मन बसले होते?

खडा_सवाल (धुळे)
छान छान. म्हणजे बेळगाव सोडून द्यायचं का? तिथली मराठी माणसं काय हिटलरची आहेत?

तापीकाठचा_मास्तर
अहो चिडू नका, मी पण सीमाभागाच्या बाजूचाच आहे. पण फरक बघा ना. एक तर ते एका देशातल्या दोन राज्यांचं भांडण, रणगाडे नाही, २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा आहे. दुसरं, महाराष्ट्र तिथे शिवकाळ दाखवत नाही, पाटसकर सूत्र दाखवतो. गाव हा घटक धरायचा, तिथे कोणती भाषा बोलणारे जास्त ते बघायचं, आणि गाव हद्दीला लागून आहे का ते. आंध्र-मद्रासची हद्द अशीच मिटवली. आणि हे पाटसकर कोण? हरी विनायक पाटसकर, १९५२ चे आपल्या जळगावचे खासदार! पुढे मध्य प्रदेशचे राज्यपाल झाले, म्हणजे मामांचं बुऱ्हाणपूर त्यांच्याच राज्यात 😀 इतिहास मेलेल्यांना विचारतो, हे सूत्र आज गावात राहणाऱ्यांना विचारतं.

इच्छापूरवाला
आम्हा बुऱ्हाणपूरकडच्यांना कोणी विचारतं का ते सांगा. घरात मराठी, दुकानात हिंदी, जमिनीचे कागद हिंदीत, दवाखाना जळगावला, केळी तुमच्याकडेही तीच आणि भाव पडला की दोन्हीकडे सोबतच रडतो. मला महाराष्ट्रात नेऊ नका. पोरीला शाळेत मराठी शिकायला मिळालं तर बरं होईल, एवढंच.

कोर्टाची_पायरी
@इच्छापूरवाला तुमचं म्हणणं १९२१ ला स्वीडन-फिनलंडच्या मधल्या ऑलंड बेटांवर झालंय. बेटावर जवळपास सगळे स्वीडिश बोलणारे, त्यांना स्वीडनमध्ये जायचं होतं. यूएनच्या आधीच्या राष्ट्रसंघाने बेटं फिनलंडलाच दिली पण अट घातली की शाळा स्वीडिशमध्येच, जमीन बाहेरच्याला सहज घेता येणार नाही. तेव्हा बेटवाले नाराज होते, आज शंभर वर्षं झाली, तीच अट ते जिवापाड जपतात.

नवापूर_प्लॅटफॉर्म
आमनं काय भाऊ, आमी आठे बी नि तठे बी. स्टेशनच्या बाकड्यावर मधोमध रेघ आहे, अर्धं महाराष्ट्र अर्धं गुजरात. निझर, उच्छल १९६० पर्यंत आपल्या पश्चिम खानदेशातच होतं. लग्नं अजून तिकडेच जमतात, वऱ्हाडाला कोणी रेघ दाखवत नाही. मात्र बायकोचं रेशन कार्ड इकडे आणायला दीड वर्ष लागलं मला.

केळीचा_घड (रावेर)
मामांना सगळं वाचून दाखवलं. फारुकीचं ऐकून गप्प बसले. पाटसकरांचं नाव निघाल्यावर एकदम म्हणे आमच्या बाबांनी मत दिलं होतं त्यांना. मग विचारलं, बुऱ्हाणपूरचं काय? तर म्हणे रविवारी जायचंच आहे, मावा जिलेबी आणायला, तू गाडीत पेट्रोल टाकून ठेव.