टियानाच्या राइडला आजीला न्यायचं की नाही

ग्रुप: आपली माणसं
रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

ऋचा (ओरलँडो) – ७:४२
अमेयदादा, तुझा रात्रीचा मेसेज आत्ता नीट वाचला. "नवी राइड बघून आलो, चांगल्या राइडची वाट लावलीय, आजीला घेऊन तिथे वेळ घालवू नका." मला खरंच वाईट वाटलं. डिस्नेच्या सिनेमातल्या राजकन्या टियानाची ती राइड तू तुझ्याकडची बघितलीस, अनाहाइमच्या डिस्नेलँडची, १५ तारखेला उघडली ती. आपण आजीला नेणार ती इथली, मॅजिक किंगडमची, २८ जूनलाच सुरू झाली. मार्चमध्ये आजी आणि सगळे इकडे येणार त्याचं सगळं मी तीन महिने जुळवतेय. तुझं काही म्हणणं होतं तर मला फोन करायचास ना. सगळ्यांसमोर एका ओळीत निकाल लावून मोकळा झालास.

परागदादा – ७:४४
निकाल शब्द नको. कालच्या निकालातून सासरेबुवा अजून बाहेर आलेले नाहीत 😄

सुहासकाका – ७:४५
राजकारण दुसऱ्या ग्रुपवर. शुभ प्रभात. त्या राइडला उंचीची अट ४० इंच आहे, म्हणजे १०२ सेमी. केतकी, तुझ्या निहारची उंची किती? कळव.

मंदाकाकू – ७:४६
अगं ऋचा, त्याला तसं म्हणायचं नव्हतं. तो लहानपणापासून स्पष्ट बोलतो.

अमेय (अर्वाइन) – ७:५१
आई, थांब. माझं मी सांगतो. ऋचा, रागावू नकोस, पण मी मनापासून लिहिलं होतं. २००९ ला इथे शिकायला आलो तेव्हा पहिल्या थँक्सगिव्हिंगला सगळे आपापल्या घरी गेले आणि मी एकटा राहिलो. दोन सीनियर मला ओढत डिस्नेलँडला घेऊन गेले. स्प्लॅश माउंटनच्या, म्हणजे आता जी टियानाची केलीय त्या जुन्या राइडच्या ओंडक्यात बसलो, पन्नासेक फुटांवरून खाली आलो, नखशिखांत भिजलो. तीन महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने हसलो होतो. तेव्हापासून दरवर्षी जातो. ३० मे २०२३ ला ती शेवटची चालली त्या दिवशीही गेलो होतो. माझ्यासाठी ती नुसती राइड नव्हती गं.

अमेय – ७:५५
आणि तिला गोष्ट होती. ससा घर सोडून निघतो, कोल्हा आणि अस्वल मागे लागतात, शेवटी पकडतात. तो म्हणतो, काय वाटेल ते करा पण मला त्या काटेरी झुडपात टाकू नका. ते तिथेच टाकतात, आणि झुडूप तर त्याचंच घर! ती उडी म्हणजे ते फेकणं. वर चढताना पोटात गोळा यायचा कारण पुढे काय होणार हे ठाऊक असायचं. नव्या राइडमध्ये टियानाची पार्टी आहे आणि वादक कमी पडलेत म्हणून ते शोधत फिरायचं. मग ती उडी कशासाठी? सिनेमातला तो काळी जादू करणारा डॉक्टर फॅसिलिए तर कुठे औषधालाही नाही. ना भीती, ना संकट. बाहुल्या अप्रतिम आहेत हे मान्य, पण नुसत्या बाहुल्यांवर काय भागतं?

वसुधा (ऋचाची आई) – ७:५८
अमेयचं मला समजतं. एस्सेलवर्ल्ड बंद झालं तेव्हा मला असंच झालं होतं. मार्व्हेहून लाँच पकडायचो, वडे-चटणीचा डबा आधीच लाँचवर संपायचा. तुम्ही दोघं भावंडं एका फ्रॉक-शर्टाच्या कापडात 😊 फोटो शोधते.

परागदादा – ७:५९
ऋचा, एक विचारू? टियानाच्या राजपुत्राचं नाव खरंच 'नवीन' आहे? आपल्यातलाच वाटतो. गोत्र बघून घे.

ऋचा – ८:०२
हो, नवीनच आहे नाव, माल्डोनिया नावाच्या काल्पनिक देशातला. परागदादा, दोन मिनिटं मला बोलू दे.

सुहासकाका – ८:०३
४० इंच म्हणजे १०२ सेमी. निहार?

ऋचा – ८:१४
दादा, तुझी आठवण खोटी आहे असं मी कधीच म्हणणार नाही. पण "वाट लावली" म्हणतोस तेव्हा हेही बघ. तुझ्या डिस्नेलँडमधल्या त्या जुन्या राइडचे बरेचसे प्राणी मुळात दुसऱ्याच शोचे होते. 'अमेरिका सिंग्ज' म्हणून टुमॉरोलँडमध्ये गाणाऱ्या प्राण्यांचा शो होता, तो १९८८ ला बंद केला आणि तेच प्राणी उचलून १९८९ ला स्प्लॅश माउंटनमध्ये लावले. त्या शोवर जीव असणारेही तेव्हा असतीलच ना? आणि 'स्प्लॅश' हे नावसुद्धा डिस्ने कंपनीच्या त्या वेळच्या एका जलपरीच्या सिनेमावरून सुचलेलं. म्हणजे पहिल्या दिवसापासून त्या डोंगरावर कशाची ना कशाची पाटी होतीच.

ऋचा – ८:१७
आणि ती सशाची गोष्ट ज्या सिनेमातून घेतली तो १९४६ चा. गुलामी संपल्यानंतरच्या अमेरिकेच्या दक्षिणेतले काळे लोक मळ्यावर किती सुखात होते असं दाखवलंय म्हणून तो आला तेव्हाच त्यावर टीका झाली. त्यातल्या मुख्य नटाला अटलांटातल्या पहिल्या खेळाला जाता आलं नाही, कारण तिथे तेव्हा वर्णभेदाचे कायदे होते. कंपनीने तो सिनेमा अमेरिकेत घरी बघायला कधीच काढला नाही. जो सिनेमा दाखवायची लाज वाटते त्याचीच राइड तीस-तीस वर्षं चालली.

अमेय – ८:२१
ते मला माहीत आहे, आणि त्या सिनेमाची बाजू मी घेत नाहीये. पण ससा-कोल्ह्याच्या गोष्टी सिनेमावाल्यांच्या नाहीत. गुलामीतल्या माणसांनी एकमेकांना सांगितलेल्या त्या गोष्टी आहेत. दुबळ्याने डोकं वापरून बलवानाला फसवायचं, आपल्या पंचतंत्रासारखं. त्या त्यांच्याच होत्या, आणि सिनेमाबरोबर त्याही गेल्या. मला हे लागतं. लोक वेडे नाहीत गं. तुमच्याकडची जानेवारी २०२३ ला बंद झाली तेव्हा लोकांनी तिथलं पाणी बाटल्यांत भरून इबेवर विकायला काढलं होतं.

परागदादा – ८:२२
पाणी?? आपल्याकडे गंगेचं फुकट वाटतात.

वसुधा – ८:२३
पराग, पुरे आता.

अमेय – ८:२४
आणि आमच्या आईबाबांना, आजीला तुम्ही एवढ्या लांबून बोलावताय, तर चांगलं काय ते दाखवा एवढंच माझं म्हणणं.

ऋचा – ८:२५
"तुम्ही बोलावताय" म्हणजे? तिकिटांचं आपण तिघांनी मिळून ठरवलं होतं दादा. हिशोबाची शीट ऑगस्टपासून तुझ्या उत्तराची वाट बघतेय.

अमेय – ८:२६
तो विषय इथे नको.

मंदाकाकू – ८:२८
सकाळी सकाळी पैशावर नका येऊ. आणि ऋचा, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? हे काळं-गोरं सगळं तिकडचं. आपल्याकडे कुठे असतं असलं काही.

ऋचा – ८:२९
हा मेसेज डिलीट केला गेला

सुहासकाका – ८:३१
ज्यांना राइडची अट माहीत नाही त्यांच्यासाठी पुन्हा: ४० इंच = १०२ सेमी. मोजताना बूट काढून मोजावे.

ऋचा – ८:४०
काकू, आधी लिहून पुसलं, पण आता लिहितेच. आपल्याकडे नसतं? माझ्या इराच्या बारशाला तुम्ही मला डाळीच्या पिठाची आणि दुधाच्या सायीची पुडी दिली होतीत, रोज चोळ म्हणून. "नाक छान आहे, फक्त रंग पराडकरांकडचा आला" असं पाळण्याशी उभं राहून बोललात. मी हसले, कारण पाहुणे होते. तुम्ही प्रेमानेच दिलीत हे मला माहीत आहे. माझ्या सासऱ्यांनी, पराडकर आजोबांनी, मात्र ते ऐकलं आणि ते जेवले नाहीत त्या दिवशी.

ऋचा – ८:४६
आता राइडचं. ऑक्टोबरमध्ये इरा १०२ सेमीची झाली तसं लगेच नेलं. इथे ओंडक्यात दोघं-दोघं शेजारी बसतात, दादाकडे एकामागे एक, म्हणून ती माझ्या बाजूलाच होती. बिचारी आधीपासून माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून होती (हो, ओढणी, ड्रेस घातला होता मी). अंधार, काजवे, बेडूक, रानात सापडेल त्याची वाद्यं करून वाजवणारे प्राणी. ओंडका वळला आणि टियाना समोर. दादा म्हणतो ना बाहुल्या अप्रतिम, ती बाहुली बोलताना मान वळवते, बोटं हलवते, श्वास घेतल्यासारखी वाटते. इराने ओढणी सोडली. आपला हात वर धरून बघितला, मग तिचा बघितला, आणि म्हणाली, "आई, तिचे हात माझ्यासारखे आहेत."

ऋचा – ८:४७
उडी मारताना ती घाबरली, थोडी रडली, आणि बाहेर आल्यावर परत जाऊया म्हणाली. डॉक्टर फॅसिलिए नव्हता म्हणूनच मी तिला तिथे नेऊ शकले. साडेचार वर्षांच्या मुलीला उडीला कारण लागत नाही रे दादा. तिला शेजारी कोणीतरी लागतं.

वसुधा – ८:५२
ऋचा, हे मला फोनवर सांगितलं नाहीस कधी.

केतकी – ८:५५
मी आत्ता उठले. १०३ मेसेज. काय झालं?

परागदादा – ८:५६
सासूबाईंचा चहा राहिला. बाकी नंतर सांगतो.

मंदाकाकू – ९:१०
बारशाचं मला आठवत नाही. बोलले असेन. आमच्या सासूबाई मला काय काय बोलायच्या ते वहिनींना माहीत आहे, त्याची सवय झाली असावी.

वसुधा – ९:१२
मंदा, सासूबाई इथे शेजारीच बसल्यात आणि मी त्यांना सगळं मोठ्याने वाचून दाखवतेय.

मंदाकाकू – ९:१२
अगंबाई.

वसुधा – ९:२०
आजी सांगतायत तसं लिहिते. "बोलले असेन मीही. पुडी मीच मंदाला शिकवली. आता ते राहू दे. मला कोणी नीट सांगत नाही, ही पोरगी करते काय? राजकन्या आहे म्हणजे नुसती बसून असते का?"

ऋचा – ९:२८
आजी, नाही! ती न्यू ऑर्लिन्समध्ये हॉटेलात वाढपीचं काम करते आणि तिला स्वतःचं हॉटेल काढायचं असतं. २००९ चा सिनेमा आहे. कॉफीच्या डब्यांत टिपचे पैसे साठवते. लग्न-बिग्न नंतर, आधी हॉटेल. ज्या बाईवरून ती सुचली त्या लीया चेज, न्यू ऑर्लिन्समध्ये सासरचं हॉटेल त्यांनी नावारूपाला आणलं. काळ्या-गोऱ्यांनी एका टेबलाशी बसणं जिथे बेकायदा होतं त्या काळात चळवळीतली माणसं त्यांच्या माडीवर बैठका घ्यायची, आणि या खालून जेवण पाठवायच्या. २०१९ मध्ये ९६ व्या वर्षी गेल्या. राइडमध्ये टियानाचं हॉटेल झालेलं आहे आणि आता तिने जुनी मिठाची खाण घेऊन तिथे भाज्या, मसाले सुरू केलेत. कामगारांच्याच मालकीची सहकारी संस्था आहे तिची.

वसुधा – ९:३५
आजींनी चष्मा पुसला. म्हणतात, "सहकारी म्हणजे भागीदारीला माणसं नीट बघून घ्या म्हणावं. आपण नारायण पेठेत बावीस वर्षं डबे केले, पहिल्या वर्षी शेजारणीला भागीदार केली आणि तिने पोळ्यांचा हिशेब कधी दिला नाही. मला ती पोरगी बघायची आहे. पाण्यात भिजले तर भिजले."

सुहासकाका – ९:३७
आईला उडी चालणार नाही. ८१ वय. पाठ. माझा स्पष्ट विरोध आहे.

ऋचा – ९:४०
काका, आजींना उडीत बसवणार नाही, शब्द देते. टियाना उद्यानात प्रत्यक्षही भेटते, तिथे नेते. आणि लहान मुलासाठी आईबाबांनी पाळीपाळीने बसायची सोय असते, एकच रांग लावायची. म्हणजे निहार बसला नाही तरी केतकीताई आणि परागदादा दोघांना मिळेल.

अमेय – १०:०५
मी जरा गाडी घेऊन बाहेर गेलो होतो. ऋचा, गोष्ट कमी आहे हे मी मागे घेणार नाही, ते मला अजून तसंच वाटतं. "वेळ घालवू नका" हे मागे घेतो. इराचं मला माहीत नव्हतं. शीट आज रात्री भरतो. मार्चमध्ये चार दिवस मीही येतो, इरा माझ्या शेजारी बसेल का विचार.

ऋचा – १०:०९
विचारते. झोपलीय ती.

मंदाकाकू – १०:३०
ऋचा, त्या टियानाचा झगा हिरवा आहे ना? फोटो बघितला. माझ्याकडे हिरवा खण आहे, इरकलीच्या काठाचा. इराची छाती आणि कमरेपासून घोट्यापर्यंतचं माप पाठव. परकर-पोलकं शिवून आणते. वाढीव शिलाई ठेवते.

ऋचा – १०:३४
उद्या पाठवते काकू. तिला खिसा लागतो, तेवढा ठेवा.

केतकी – १०:४१
बाबा, निहारला दाराच्या चौकटीला उभं करून मोजलं. बूट काढून. १०० सेमी.

सुहासकाका – १०:४२
मार्चला अजून तीन महिने आहेत. १ तारखेला पुन्हा मोजा आणि इथे टाका.