जलरंगातल्या चित्रावर तपकिरी ठिपके: नाशिकमध्ये नीट फ्रेम करणारं कुणी आहे का?

मंडळी, मदत हवी आहे. माझ्याकडे जलरंगातली काही निसर्गचित्रं आहेत. काही मी स्वतः गोदाघाटावर बसून काढलेली, काही हौसेनं विकत घेतलेली. त्यातल्या नारोशंकराच्या देवळाच्या चित्रावर या पावसाळ्यात तपकिरी ठिपके उमटलेत. आकाश अगदी पातळ वॉशमध्ये (पाणीदार रंगाच्या हलक्या थरात) असल्यामुळे तिथे ते फारच खुपतात.

फ्रेम उघडून पाहिली, तर चित्र थेट काचेला टेकलेलं, मागे साधा हार्डबोर्ड आणि कडांना पिवळी पडलेली चिकटपट्टी. कागद चांगला जाड, ३०० जीएसएमचा, पूर्ण कॉटन. म्हणजे दोष कागदाचा नसावा; हार्डबोर्डातलं आम्ल आणि आत कोंडलेली दमट हवा, यांचंच हे काम असावं.

अ‍ॅसिड-फ्री माउंट बोर्ड (चित्राला आधार देणारा, काचेपासून दूर ठेवणारा आम्लविरहित पुठ्ठा) वापरून, चित्र न चिकटवता फक्त वरून कागदी पट्ट्यांवर टांगून फ्रेम करणारं कुणी माहीत आहे का? कॉलेज रोड, सिडको, पंचवटी, कुठेही चालेल. फ्रेमच्या सोनेरी पट्ट्या दाखवणारे पुष्कळ भेटले. माउंट कशाचा म्हणून विचारलं की ‘इम्पोर्टेड आहे साहेब’, विषय संपला!

ठिपक्यांवर एकानं ब्लीच सुचवलंय. मला धीर होत नाही. रंग उडेल, कागदही कमजोर होईल. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे, तिथे कुणी घरचं चित्र दिलंय का? खर्च साधारण किती आला?

तूर्त चित्र कोऱ्या कॉटन कागदांमध्ये सपाट ठेवलंय. कपाटात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या तर पुरेल का?