ऑफिसातला खरा लीडर नकाशा काढून शोधावा का?

आकडेमोड:
आमच्याकडे (पुणे, आयटी) एचआरने नेटवर्क अॅनालिसिस काढलंय. प्रत्येकाला फॉर्म येणार, काम अडलं तर कोणाला विचारता, मॅनेजरला सांगता येत नाही अशी गोष्ट कोणाशी बोलता वगैरे, मग सगळ्यांच्या उत्तरांवरून नावांचा नकाशा, विचारणाऱ्याकडून ज्याला विचारतो त्याच्याकडे बाण, आणि ज्याच्याकडे जास्त बाण जातात तो पद नसलेला लीडर. टीममध्ये यावरून दोन तट पडलेत. माझं मत, हे व्हायलाच पाहिजे. अप्रेझलला दिसतो कोण, तर जो प्रेझेंटेशन करतो तो. रात्री दोनला प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक वापरतात ती सिस्टीम, बसलं की जिला फोन जातो, जी लॉग (सिस्टीमच्या नोंदी) बघून आपोआप चालणारा बॅच जॉब कुठे अडकलाय ते सांगते आणि वर नव्या पोरांना कॉलवर धरून शिकवत बसते, तिचं नाव कुठल्या स्लाइडवर असतं? नकाशात ती मधोमध येईल.

आणि हे काही आजचं फॅड नाही. १९३२ मध्ये न्यूयॉर्क राज्यात हडसनच्या मुलींच्या सुधारगृहातून दोन आठवड्यांत १४ मुली पळाल्या, तेव्हा मनोविकारतज्ज्ञ जेकब मोरेनोने एकेकीच्या स्वभावात खोट न शोधता कोणाची कोणाशी जवळीक आहे ते कागदावर मांडलं आणि पळण्याची लाट त्याच नात्यांमधून गेली हे दाखवलं. नेटवर्क अॅनालिसिसची शाखा बरीचशी तिथून वाढली.

रातपाळी:
त्या मुली कोंडलेल्या होत्या रे, त्यांना फॉर्म नको म्हणायची सोय होती का?
चाकणला ये एकदा. आमच्या लाइनवर एक सेटर, म्हणजे मशीन लावून देणारे, आहेत, सगळे काका म्हणतात. पार्टचा साइज मापाबाहेर जायला लागला की पोरं इंजिनिअरकडे जात नाहीत, काकांकडे जातात, ते मशीनजवळ उभं राहून नुसता आवाज ऐकतात आणि सांगतात इन्सर्ट (कापायचं पातं) गेलाय, ऑफसेटला (मशीनच्या मापाच्या सेटिंगला) हात लावू नको. आणि कॅन्टीनच्या भातात अळ्या निघाल्या तेव्हा सगळ्यांना घेऊन मॅनेजरच्या केबिनसमोर उभे राहिले तेही हेच काका. आता नकाशात त्यांच्याकडे ढीगभर बाण दिसले तर कंपनी बढती देईल असं वाटतं तुला? कंत्राटी पोरं कोणाच्या शब्दावर उठतात याची यादी आयती मिळणार, तीसुद्धा आपणच भरून दिलेली. बदलीच्या ऑर्डरला वेळ लागत नाही.

दुपारचा_चहा:
+१. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ ला हेच बघितलं गेलं. एका खोलीत १४ कामगार, शेजारी निरीक्षक बसलेला. कामगारांनी दिवसाला किती काम काढायचं हे आपसात ठरवून टाकलेलं, कोणी जास्त काढलं तर बाकीचे त्याच्या दंडावर ठोसा मारायचे. कारण काय, तर जास्त काढलं की रेट कापतील ही भीती. म्हणजे ही आतली नाती बऱ्याचदा वरच्यांपासून सांभाळून राहायला तयार झालेली असतात, आणि तीच त्यांना नकाशा काढून द्यायची?

मधली_ओळ:
मी एचआरमध्ये हेच काम करते म्हणून लिहिते. रातपाळी, तुमची भीती खरी आहे, पण नकाशा नसला तर मॅनेजर काय करतो? डोळ्यासमोरचा माणूस उचलतो. हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू या नियतकालिकात १९९३ ला क्रॅकहार्ट आणि हॅन्सन यांनी एक उदाहरण दिलंय. एका कंपनीत टास्क फोर्सचा प्रमुख नेमला तो टेक्निकल सल्ल्यासाठी सगळे ज्याच्याकडे जायचे असा माणूस. विश्वासाचा नकाशा वेगळा काढला तर त्यात हा जवळजवळ एकटा, आणि काम तिथेच अडकलेलं. मग ज्याच्यावर लोकांचा विश्वास होता त्याला बरोबर घेतलं. म्हणून प्रश्न दोन्ही विचारावे लागतात, हुशारी आणि भरवसा एकाच माणसात असेलच असं नाही.

आकडेमोड:
अगदी! आणि सल्ल्याचा नकाशा त्या माणसाच्याही कामाचा असतो. संशोधक रॉब क्रॉस आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडलंय की बऱ्याच कंपन्यांत उपयोगी सहकार्याचा २० ते ३५ टक्के भाग फक्त ३ ते ५ टक्के लोकांकडून येतो. ही माणसं थकून राजीनामा देतात तेव्हाच कंपनीला कळतं काय गेलं ते. आधी कळलं तर ओझं वाटून देता येईल.

वैदर्भी:
वाटून देतात? माझ्या आधीच्या कंपनीत माझं नाव असं वर आलं आणि मला “नॉलेज चॅम्पियन” केलं, म्हणजे आधीचं सगळं काम तसंच आणि वर दर शुक्रवारी ट्रेनिंग घ्यायचं. पगारात एक रुपयाचा फरक नाही. काम ओळखलं म्हणताय तर ते पगाराच्या स्लिपवर दिसू दे.

नियमवाचक:
सगळे फॉर्मवरच भांडताय, फॉर्म निदान आपल्याला दिसतो तरी. खरा धोका ईमेल आणि चॅटच्या नोंदींतून न विचारता काढलेल्या नकाशाचा आहे. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये कोण ईमेल, चॅट किती वापरतो ते मोजणारा प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर आणला, त्यात एकेका कर्मचाऱ्याचं नाव दिसत होतं, बोंब झाली तेव्हा डिसेंबरात नावं काढली. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात नोकरीशी संबंधित कारणासाठी संमतीशिवाय माहिती वापरायला वाट ठेवलेली आहे, ती किती रुंद मानायची यावर कंपन्या आणि कर्मचारी भांडणारच. आणि चॅटवर कोण जास्त बोलतो यावरून लीडर ठरवला तर ज्या काकांना कंपनीचा ईमेलच नाही ते नकाशात येणारच नाहीत.

रातपाळी:
न आलेलेच बरे.

मधली_ओळ:
चॅटच्या नोंदींना माझाही विरोध आहे. पण फॉर्मचा एक त्रास कोणी बोलत नाही, बरेच जण भरतच नाहीत, आणि न भरणाऱ्यांनी कोणाकडे बोट दाखवलं असतं ते बाण नकाशातून गायब होतात. शिवाय भीतीने सगळे साहेबाचंच नाव लिहितात. मग साहेब लीडर! त्यामुळे ज्याचा निकाल त्यालाच आधी दाखवायचा, वरती नाव जायचं तर त्याला विचारून, एवढं पाळलं तरच लोक खरं लिहितात. मी हे पाळल्याशिवाय काम घेत नाही.

आकडेमोड:
मग मी उद्या एचआरला हेच मागतो, नाव वर जायच्या आधी त्या माणसाची परवानगी आणि अप्रेझलमध्ये त्या कामाला जागा. पण नकाशा नकोच, हे मला पटत नाही. नाहीतर रात्री फोन उचलणारी ती मुलगी पुढच्या वर्षीही तळाच्याच रांगेत.

रातपाळी:
तू माग, जरूर माग. आमच्याकडे युनियनसमोर लेखी येऊ दे, की यातल्या माहितीवर बदली नाही, नोटीस नाही, कंत्राट बंद नाही. त्यावर प्लांट हेडची सही. तोपर्यंत मी आणि माझ्या लाइनवरचे फॉर्म कोरा परत देणार.