मदत हवी आहे: वडिलांचे पाय सुजलेत, दम लागतो, डॉक्टर म्हणतात व्हिटॅमिन कमी

माग_अशोकचौक
सोलापूर. वडिलांचे दोन्ही पाय सुजलेत. नडगीवर अंगठा दाबला की खळगा पडतो, लवकर भरत नाही. आडवं झालं की दम लागतो, रात्रभर भिंतीला टेकून बसतात. टू-डी इकोत पंपिंग ६० टक्के, म्हणजे नॉर्मल, अँजिओग्राफीत ब्लॉक नाही. तरी हार्ट फेल्युअर म्हणतात, आणि आता व्हिटॅमिनची शंका काढलीय. व्हिटॅमिननं हार्ट कसं बिघडेल? कुठलं फळ द्यायचं तेवढं सांगा. अर्जंट आहे.

जुळेसोलापूर
वय? शुगर, बीपी? गोळ्या कुठल्या? आणि कुठलं व्हिटॅमिन?

माग_अशोकचौक
५२. शुगर-बीपी नाही. लघवीची गोळी आहे, लॅसिक्स. व्हिटॅमिन कागदावर लिहिलंय, अक्षर लागत नाही.

बाळीवेस_ताई
बी-१२च असणार. माझ्या आईला जिना चढताना धडधड व्हायची, हिमोग्लोबिन ६ वर आलं होतं. रक्तच कमी म्हटल्यावर हृदयाला जास्त पळावं लागतं. इंजेक्शनांनी बरी झाली.

जुळेसोलापूर
ताई, तुमच्या आईंना वर्षानुवर्षं शुगरची गोळी मेटफॉर्मिन होती, तुम्हीच मागे लिहिलं होतं. त्यानं बी-१२ कमी होतं. यांना शुगरच नाही.

बाळीवेस_ताई
शाकाहारी माणसाचं शुगर नसतानाही कमी होतं.

माग_अशोकचौक
आमच्यात मटण चालतं. फळाचं सांगा ना कुणीतरी.

मालदांडी
फळं सोडा, कडक भाकरी आणि शेंगाचटणी द्या. पॉलिशचा भात बंद. मंगळवेढ्याची ज्वारी हवी असेल तर व्यनि करा.

अक्कलकोटरोड
अशक्तपणा असेल. गल्लीतल्या डॉक्टरकडून ग्लुकोजची बाटली लावून घ्या, तरतरी येते.

निवृत्त_सिस्टर
बाटली अजिबात लावू नका! अंगावर सूज असताना आणखी पाणी कुठं चढवताय? माग_अशोकचौक, एक विचारते, राग मानू नका. वडील दारू घेतात का?

माग_अशोकचौक
(दुसऱ्या दिवशी) हो. लिहिलं नव्हतं. रात्रपाळी करून आले की रोज लागते, पंधरा वर्षं झाली. चार महिन्यांपासून जेवण नावालाच, दोन घास भात. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आई शेजारी होती. ते नाही म्हणाले, मीही गप्प बसलो.

निवृत्त_सिस्टर
मग कागदावर थायमिन आहे का बघा, म्हणजे बी-१. ते कमी पडलं की होतो तो बेरीबेरी, शाळेत जोड्या लावायचो तोच. त्याचा एक प्रकार हृदयावर येतो. रक्तवाहिन्या सैल पडतात, हृदय जोरात पळतं तरी पुरं पडत नाही. म्हणून पंपिंग चांगलं दिसूनही पाय सुजतात. बी-१ चा साठा शरीरात दोन-तीन आठवडेच पुरतो. दारूनं ते आतड्यात नीट शोषलं जात नाही आणि लॅसिक्सनं लघवीवाटे जातं. पण गोळी मनानं बंद करू नका. असं असेल तर फळानं भागणार नाही, आधी इंजेक्शन लागेल. आणि बी-१ न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूवर येऊ शकतं, म्हणून काल ओरडले. आजच डॉक्टरांना खरं सांगा. दारू एकदम तुटली की थरथर होते, झटकेही येतात, त्याची तयारी त्यांना ठेवावी लागेल.

बाळीवेस_ताई
तरी बी-१२ पण तपासाच.

माग_अशोकचौक
कागद पाहिला. 'थाय' एवढं लागतंय. निघालोय. आईला बाहेर बसवून मीच सांगतो.